तेवीस नंबर दुरुस्तीला आहे

ती. वहिनींना,

धाकट्या दिराचा उभ्याउभ्या नमस्कार. (उभ्याउभ्या हे नम्रतेमुळे नव्हे. केंद्रात आज बसायला एकही खुर्ची उरलेली नाही, म्हणून पुढच्या खोलीतल्या टेबलाशी वाकून, नोंदवहीवर कागद ठेवून लिहितो आहे. अक्षर तिरपं गेलं तर त्याचा संबंध माझ्या वयाशी लावू नये.) तुमचे गुडघे कसे आहेत? डाव्याचं मला माहीत आहे. उजव्यानेही मागच्या महिन्यात कुरकुर सुरू केली होती, ती थांबली का? रक्तदाबाची गोळी सकाळीच घेता ना, की अजून "घेते नंतर" म्हणत ती संध्याकाळपर्यंत डबीतच बसून असते? झोप लागते का? तुमच्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचा वॉशर मी आणून ठेवला आहे. बसवायला येतो येतो म्हणता म्हणता तीन आठवडे झाले, त्याबद्दल कान धरतो (एकच, दुसऱ्या हातात पेन आहे). आमच्याकडे सगळे ठीक. तुमची जाऊ तुमची आठवण काढते आणि मला दिवसातून दोनदा विचारते, की तुम्ही घरी राहता का केंद्रात, ते एकदा ठरवून सांगा, म्हणजे मी एकटीपुरताच स्वयंपाक करीन.

आता तुम्ही म्हणाल, पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहणारा माणूस पत्र कशाला लिहितो, तोंड नाही का त्याला? आहे. चांगलं चालतंही. पण हे पत्र म्हणजे गृहपाठ आहे. मंगळवारी आमच्या केंद्रात एक वक्ते आम्हाला उत्साह देऊन गेले (कसा दिला आणि काय घेऊन गेले, ते पुढे येईल) आणि जाताना त्यांनी प्रत्येकाला सांगितलं, की ज्या माणसामुळे तुम्हाला बळ मिळतं त्याला एक पत्र लिहा, मनातलं सगळं लिहा, काही लपवू नका. मास्तरांनी ते आपल्या सायकलला लिहिलं. नर्सबाईंनी कुणाला लिहिलं ते दाखवलं नाही, पण पाकीट चांगलं जाडजूड होतं. मी तुम्हाला लिहितो आहे. काही लपवू नका म्हणाले त्याकडे मी यथावकाश येईन.

केंद्र तुम्हाला माहीत आहे, पण वर्षाच्या सुरुवातीचं केंद्र माहीत नाही. एरवी आमचं काम सरळ असतं. आजाऱ्याला घरी लागणाऱ्या वस्तू लोकांना वापरायला द्यायच्या, गरज संपली की त्यांनी त्या परत आणून द्यायच्या, आम्ही धुऊनपुसून पुढच्याला द्यायच्या. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर, शौचाच्या खुर्च्या, दांडा फिरवला की डोक्याची बाजू वर येते ते पलंग. वस्तू जाते, येते, पुन्हा जाते. पण नवीन वर्ष लागलं की ती नुसतीच जाते. याचं कारण मी शोधून काढलं आहे. माणसं गुडघा, खुबा, मणका यांची ऑपरेशनं "आता नवीन वर्षातच बघू" म्हणून ढकलत राहतात, आणि नवीन वर्ष बिचारं ठरल्या दिवशी हजर होतं. डॉक्टर मंडळी वर्षअखेरीला सुट्टीवर जातात, ताजीतवानी होऊन परततात आणि पहिल्या दहा दिवसांत दिसेल त्याचा गुडघा बदलून टाकतात. ते सगळे गुडघे मग आमच्या दारात उभे (उभे म्हणजे, दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून).

त्यात भर घरं आवरणाऱ्यांची. यंदा घरात पसारा ठेवायचा नाही असा निश्चय केलेली माणसं आपला पसारा आणून आमच्या पायरीवर ठेवतात, बेल वाजवतात आणि पळतात. साठी उलटलेली माणसं इतक्या जोरात पळताना मी आयुष्यात प्रथमच पाहिली. यांना वॉकर लागायला अजून पुष्कळ अवकाश आहे. दोन तारखेपासून आम्हाला मिळालेल्या वस्तूंत एक चाक असलेली खुर्ची, सगळे उजव्याच पायाचे असे चार पट्टे, कुणाची तरी कवळी (डबीसकट, चिठ्ठी नाही) आणि जागच्या जागी पळून वजन कमी करायचं एक भलंमोठं यंत्र आहे. ते यंत्र दारातच आडवं पडलं आहे, कारण ते उचलायला चार माणसं लागतात आणि आम्ही तिघे आहोत. वॉकर न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्याच्यावरून चढून यावं लागतं.

तिघेच का, तर जुने दोन स्वयंसेवक वर्ष संपताच "आता जरा घराकडे बघायचं" म्हणून गेले. नवे अकरा आले, सगळे संकल्पवाले, डोळ्यांत तेज. पाच तारखेला सात राहिले, नऊ तारखेला दोन, बाराला एक. तो एक कोपऱ्यात चार तास न कंटाळता उभा होता, मला वाटलं हा टिकणार. शेवटी त्याने नम्रपणे विचारलं, की दातांच्या डॉक्टरांकडे त्याचा नंबर अजून किती वेळाने लागेल. (दातांचा दवाखाना वरच्या मजल्यावर.) तेव्हा आता आम्ही आहोत ते असे: नर्सबाई, ज्या रुग्णालयातून निवृत्त झाल्या पण आवाज अजून वॉर्डातलाच आहे, मास्तर, जे शाळेत कवायत घ्यायचे आणि आता केंद्रातलं प्रत्येक चाक, प्रत्येक स्क्रू त्यांच्या हाताखालून जातो, आणि मी. मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली, म्हणून फोन माझ्याकडे. खात्यात मी खांबांवर चढायचो, बोलायचं काम दुसऱ्यांचं होतं, हे मी सगळ्यांना सांगून पाहिलं. कुणाला पटत नाही.

फोन म्हणजे मुख्यतः वस्तू परत मागायचे. दर सोमवारी नोंदवही उघडायची आणि एक नंबरपासून सुरू करायचं. तुम्हाला खोटं वाटेल, पण या कामात मी बऱ्यापैकी नाव काढलं आहे. एका गृहस्थांनी वॉकरवर चार महिने कपडे वाळत घातले होते, एका बाईंनी आमच्या कुबड्यांवर वेल चढवला होता, आणि एका घरात सगळं कुटुंब आमच्या पलंगाची डोक्याची बाजू वर करून टीव्ही पाहत होतं. सगळ्यांकडून मी तीन मिनिटांत वस्तू सोडवली. ज्या घरात माणूस गेलेलं असेल तिथे महिनाभर फोन करायचा नाही, असा नियम आहे. महिन्यानंतर करायचा, आधी सगळ्यांची चौकशी करायची, मग दुसऱ्या कुणाला तरी तीच वस्तू कशी हवी आहे ते सांगायचं आणि गप्प बसायचं. समोरचा रडला तर फोन ठेवायचा नाही. हे मला जमतं. नर्सबाई मला दगड म्हणतात, आणि त्या ते कौतुकाने म्हणतात.

या वहीत तेवीस नंबरला एक खुर्ची आहे. उंच पाठीची, मागे कलणारी, डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार असलेली. आमच्याकडे अशी एकच. ज्याची मान स्वतःला पेलत नाही त्याला तीच लागते. साध्या खुर्चीत तो बसूच शकत नाही. ती खुर्ची बाहेर गेलेली आहे. ज्याच्यासाठी नेली होती तो माणूस जाऊन आठ महिने झाले. (नेल्याची तारीख आणि गेल्याची तारीख, दोन्ही वहीत माझ्याच अक्षरात आहेत.) दर सोमवारी मी बावीस नंबरला फोन करतो आणि मग चोवीस नंबरला करतो. मधली ओळ मी वाचत नाही. थांबा, दारात कुणीतरी यंत्रावरून चढतं आहे.

आलो. कुबड्या हव्या होत्या, सासऱ्यांसाठी. एक जोडी होती पण एक कुबडी दुसरीपेक्षा दोन बोटं लांब, मास्तर कापून देताहेत. कुठे होतो? हो, कंडक्टरबाई. तुम्हाला त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या समोर बसचा शेवटचा थांबा आहे. रोज दुपारी चार वीसला एक बस तिथे येऊन नऊ मिनिटं थांबते, आणि तिच्या कंडक्टरबाई गळ्यात तिकिटांचं यंत्र घेऊन रस्ता ओलांडून आमच्याकडे येतात. त्यांचे वडील घड्याळजी. गेल्या महिन्यात स्टुलावर चढून कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ काढताना पडले आणि मानेला मार बसला. तेव्हापासून आडवे. हात शाबूत, बोटं शाबूत, डोकं तर फारच शाबूत, पण मान धरवत नाही. छताला किती भेगा आहेत ते त्यांना पाठ झालं आहे. त्यांच्या खोलीतलं घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं, ते त्यांना नुसतं ऐकून कळतं, आणि पडल्यापडल्या त्या दोन मिनिटांचं काही करता येत नाही म्हणून ते दिवसभर चडफडत असतात. डॉक्टरांनी मुलीला स्पष्ट सांगितलं आहे, की त्यांना आता बसतं करा, असेच आडवे राहिले तर छातीत कफ साठेल आणि मग मानेची काळजी करायची गरज उरणार नाही. म्हणजे तेवीस नंबर. कंडक्टरबाई रोज दारातून एकच शब्द विचारतात: आली? मी म्हणतो, अजून नाही. त्या मान हलवतात आणि जातात. विनवण्या करत नाहीत, आवाज चढवत नाहीत. बसमधले उतारू मात्र खिडक्यांतून माझ्याकडे असे पाहतात, की बस मीच अडवून ठेवली आहे.

हे असं चाललं असताना आमच्या अध्यक्षांच्या लक्षात आलं, की कार्यकर्त्यांचं मनोबल खचलं आहे. (नर्सबाईंनी त्यांना फोन करून, ताबडतोब या आणि पलंगाचं एक टोक धरा, असं सांगितलं होतं, त्यावरून त्यांनी हा निष्कर्ष काढला.) अध्यक्ष मनाने फार चांगले, पण माणूस दमला की त्याला झोप नव्हे तर भाषण लागतं, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांनी एक नावाजलेले वक्ते ठरवले. मंगळवार, दुपारी साडेतीन. श्रोते म्हणजे आम्ही तिघे, अध्यक्ष, दोन विश्वस्त आणि गर्दी दिसावी म्हणून शेजारच्या दुकानातून उठवून आणलेला किल्लीवाला. प्रश्न बसण्याचा. कार्यालयाच्या आठ प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, पण डिसेंबरात शौचाच्या खुर्च्या संपल्या तेव्हा मास्तरांनी करवत घेतली आणि "तात्पुरतं" म्हणत एकेका खुर्चीला मधोमध भोक पाडून ती देऊन टाकली. आठही गेल्या. मग नर्सबाईंनी होती ती शिल्लक मांडली. चाकाच्या तीन खुर्च्या, दोन विश्वस्तांना आणि एक वक्त्यांना. अध्यक्षांना पलंग. शौचाच्या दोन खुर्च्यांची झाकणं लावून एकीवर मास्तर आणि दुसरीवर किल्लीवाला, ज्याला आपण कशावर बसलो आहोत हे कुणी सांगितलं नाही. मी आणि नर्सबाई टेबलाला टेकून.

वक्ते आले ते गालापाशी बारकासा माईक लावून. खोली आमची तुमच्या बाहेरच्या खोलीएवढी, त्यामुळे ते हळू बोलले तरी वरच्या दवाखान्यात दाढ काढायला बसलेल्यालाही उत्साह येत असणार. त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले आणि दोन्ही हात जोरात पुढे फेकायला सांगितले. धाकट्या विश्वस्तांनी ते इतक्या मनापासून केलं, की त्यांची खुर्ची मागच्या मागे निघाली आणि ते डोळे मिटून, हात पुढे केलेल्या अवस्थेत मागच्या खोलीत दिसेनासे झाले. कुणाला कळलं नाही, कारण सगळ्यांचेच डोळे मिटलेले होते. तेवढ्यात बेल वाजली. आता आमच्याकडे नर्सबाईंचा एक नियम आहे, आणि तो अध्यक्षांनाही मोडता येत नाही: जी वस्तू मागायला माणूस दारात आला आणि ती इमारतीत आहे, ती त्याला त्याच क्षणी द्यायची. आलेल्या बाईंना शौचाची खुर्ची हवी होती. नर्सबाईंनी किल्लीवाल्याला उठवलं आणि बाईंना ती कशी वापरायची ते झाकण उघडून नीट दाखवलं. किल्लीवाल्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मग दुसरी बेल, मास्तर उभे. मग दोघं भाऊ टेम्पो घेऊन पलंगासाठी आले. अध्यक्ष म्हणाले, दहा मिनिटं थांबता येईल का? नर्सबाई म्हणाल्या, पेशंटला विचारते. अध्यक्ष उठले. वक्ते बोलतच होते, आणि हे मी त्यांच्या बाजूने सांगतो, की त्यांनी एक वाक्यही गाळलं नाही. विश्वस्तांच्या चाकाच्या दोन्ही खुर्च्याही पाठोपाठच्या दोन बेलांना गेल्या, आणि चार वाजून गेले तेव्हा त्या खोलीत बसलेले असे ते एकटेच होते.

त्यांचा शेवटचा प्रयोग चिठ्ठ्यांचा होता. मनावर जे ओझं आहे ते नाव न घालता एका चिठ्ठीवर लिहा, मी वाचून दाखवीन आणि आपण ती फाडून टाकू, म्हणजे ओझं गेलं. पहिली चिठ्ठी त्यांनी उघडली: "कार्यक्रम किती वाजता संपेल?" (मास्तर. अक्षर कवायतीच्या रांगेसारखं सरळ.) दुसरी: "वेळ नाही." (नर्सबाई.) तिसरी: "मला आधी सांगायला काय झालं होतं?" (हे मी सांगायला नकोच.) चौथीवर नुसता आकडा होता, तेवीस. वक्त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, तेवीस काय? तेवीस वर्षं? तेवीस माणसं? नर्सबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मास्तर हातातला स्क्रू-ड्रायव्हर पुसायला लागले. वहिनी, त्या खोलीतल्या निम्म्या माणसांना माहीत होतं आणि एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. आणि दारात चार वीस झाले.

कंडक्टरबाईंनी विचारलं, आली? मी म्हटलं, अजून नाही. रोज त्या इथे मान हलवून जातात. त्या दिवशी गेल्या नाहीत. म्हणाल्या, काल रात्री वडिलांना ताप होता. मग म्हणाल्या, कुणाकडे आहे ती खुर्ची? हे त्यांनी याआधी कधी विचारलं नव्हतं. मी, चौतीस वर्षं सरकारी खात्यात राहून एक खोटी रजा न टाकलेला माणूस, सात जणांच्या देखत म्हणालो, दुरुस्तीला आहे. आणि म्हटल्याबरोबर माझ्या ध्यानात आलं, की केंद्रातली प्रत्येक दुरुस्ती मास्तर करतात, आणि मास्तर माझ्यापासून हातभर अंतरावर उभे आहेत. शाळेत दोन मिनिटं उशीर झाला तर मुलाला मैदानाला फेऱ्या मारायला लावणारा माणूस तो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला आणि म्हणाले, हो, माझ्याकडेच आहे, एक भाग यायचाय. कंडक्टरबाई म्हणाल्या, लवकर करा हो. बस त्या दिवशी तीन मिनिटं उशिरा सुटली.

सगळे गेल्यावर मास्तर त्या पळायच्या यंत्रावर बसले आणि म्हणाले, दुरुस्ती किती दिवस चालणार तेवढं सांग, मला खोटं बोलायची सवय नाही, तारीख लागते. नर्सबाई म्हणाल्या, फोन मी करू का? मी म्हटलं नको. पत्ता माहीत आहे मला, त्या म्हणाल्या, मी जाऊन येते. मी पुन्हा नको म्हटलं, आणि जरा जोरातच म्हटलं. तेव्हापासून त्यांनी मला दगड म्हटलेलं नाही, आणि ते मला फार लागलं आहे.

वक्त्यांचं राहिलंच. बाहेर पडताना ते त्या यंत्राला अडखळले आणि घोटा मुरगळला. उत्साह द्यायला येऊन वॉकर घेऊन जाणारे ते केंद्राच्या इतिहासातले पहिलेच (नोंद एकशे चार, परतीची तारीख त्यांनी स्वतः घातली). मला वाटलं आता हे या गल्लीत पाऊल टाकणार नाहीत. पण बुधवारी सकाळी रिक्षातून हजर. पाय सुजल्यामुळे बाकीची भाषणं रद्द झाली होती, घरी बसवेना, म्हणून म्हणाले, फोन तरी घेतो. पहिलाच फोन एका बाईंचा होता, नवऱ्याला अर्धांगवायू होऊन चार दिवस झालेले. वक्त्यांनी सुरुवात जोरात केली, "हे बघा, प्रत्येक संकट म्हणजे", आणि तिथेच थांबले, कारण पलीकडे बाई रडायला लागल्या होत्या. पुढची बारा मिनिटं ते फक्त हो, हो, म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, हे रोज असतं का? मी म्हटलं, रविवारी सुट्टी. गुरुवारीही आले. आजही आहेत, आतल्या खोलीत, मास्तरांच्या हाताखाली चाकं पुसताहेत, आणि माईक लावलेला नाही.

गृहपाठ पुरा करायचा तर मला बळ कुणामुळे मिळतं हे लिहायला हवं. वहिनी, ते चौदा महिने मी पाहिले आहेत. दोन्ही हातांत ताट आणि पाणी असताना तुम्ही नुसत्या कमरेच्या धक्क्याने दादाची खुर्ची मागे कलवायचात, आणि तो म्हणायचा, हिला विमान चालवायला ठेवायला हवं होतं. मी संध्याकाळी आलो, की दारातच तुम्ही हळूच सांगायचात, भाऊजी, आज हसले. त्या दोन शब्दांवर मी घरी जाऊन झोपायचो. लोक मला विचारतात, निवृत्तीनंतर एवढी दगदग कशाला, काय हे समाजसेवेचं वेड? कसली समाजसेवा! घरी रिकामा बसलो की मला माझा भाऊ आठवतो. केंद्रात फोन वाजत असला की जरा कमी आठवतो. एवढंच आहे ते.

कळावे. गोळी घ्या. तब्येत सांभाळा.

आपला,
भाऊजी

ता. क. : तेवीस नंबर तुमच्याकडे आहे. हे तुम्हालाही ठाऊक आहे, त्यामुळे मी वर एवढी पानं कुणापासून काय लपवत होतो कोण जाणे. खिडकीपाशी दादा जिथे बसून समोरच्या घरांतल्या लोकांना शिस्त लावायचा, तिथेच ती अजून आहे, आणि तिच्या पाठीवर तुमची राखाडी शाल असते. तुमच्याकडे दारातून आत आलं की आधी मागची बाजू दिसते. क्षणभर मलाही वाटतं. नळाचा वॉशर तीन आठवडे माझ्या खिशात आहे तो त्यामुळे, वेळ नाही म्हणून नाही. तुमच्याकडून ती काढून घ्यायला माझी जीभ रेटत नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती तिथून हलावी असं मलाही वाटत नव्हतं. पण वहिनी, घड्याळजींना बसायचं आहे. खुर्ची द्या.

ता. क. दुसरा : वक्त्यांनी कसलाही गृहपाठ दिलेला नाही. मास्तरांनी सायकलला पत्र लिहिलेलं नाही, नर्सबाईंचं पाकीटही मीच जाड केलं. तुम्हाला पत्र लिहायला मला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि बासष्टाव्या वर्षी दुसरं सुचलं नाही. घोटा मात्र खराच मुरगळला आहे.

ता. क. तिसरा : पत्र पेटीत टाकायला निघालो होतो, पण ते पोचायला तीन दिवस, आणि कंडक्टरबाई आज चार वीसला येणार. म्हणून स्वतःच घेऊन आलो आहे. म्हणजे तुम्ही हे वाचत असताना मी तुमच्या स्वयंपाकघरात नळ दुरुस्त करण्याच्या नावाखाली तुमच्याकडे पाठ करून बसलो आहे. तुमची तब्येत कशी आहे ते पहिल्या पानावर विचारलं ते तोंडानेही विचारता आलं असतं, पण तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं राहून गेलं असतं. टेम्पो कोपऱ्यावर उभा केला आहे. नाही म्हणालात तर मी रागावणार नाही. चहा घेईन, वॉशर बसवीन आणि जाईन, आणि कंडक्टरबाईंना काय सांगायचं ते रस्त्यात ठरवीन. पण हो म्हणणार असाल तर एक अडचण आहे. घरापुढच्या चार पायऱ्या उतरवायला त्या खुर्चीला दोन माणसं लागतात. चढवली तेव्हा आपण दोघांनीच धरली होती, आणि दादा आतून ओरडून सूचना देत होता. मास्तर येतो म्हणाले होते, त्यांना मी नको म्हटलं. मी एकटाच आलो आहे. दुसरी बाजू तुम्हाला धरावी लागेल.